कुंपणावरचे बोंबील

मुंबई सेंट्रलवर गाडी सुटायच्या आधी लेन्झसाहेबांनी मला दोनदा विचारलं, की दुभाषी अजून कसा आला नाही. दोन्ही वेळा मी त्यांना जर्मनमध्येच सांगितलं, की दुभाषी मीच. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, मी दुभाष्याची बायको असणार आणि त्याचा निरोप घेऊन आलेय. दुसऱ्या वेळी त्यांनी टोपी काढली आणि हात पुढे केला.

तर मी कोण, ते आधी सांगून टाकते. दादरला एका खासगी वर्गात मी जर्मन शिकवते. जर्मनीत जाऊन इंजिनिअर व्हायचं ठरवलेली मुलं माझ्याकडे येतात आणि क्रियापदं सुरू झाली की त्यातली बरीचशी ठाण्यातच नोकरी बघायचं ठरवतात. राहते भाऊ-वहिनीकडे. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी जर्मनमध्ये उत्तर देते. तारापूरच्या किनाऱ्यावर एक गुजराती शेठ मासळीसाठी बर्फाचा कारखाना काढत होते. यंत्र जर्मनीहून आलेलं, ते बसवायला लेन्झ. त्यातले पंप हॉलंडचे, म्हणून सोबत यान नावाचा एक उंचच उंच डच. भावाच्या ओळखीतून हे काम माझ्याकडे आलं. दिवाळी नुकतीच झाली होती, वर्गाला सुट्टी होती आणि वहिनीनं माळा आवरायला काढला होता. मी ताबडतोब हो म्हटलं.

विरार मागे पडल्यावर हवा बदलली. वैतरणेच्या खाडीवर गाडी आली तेव्हा ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते, पलीकडे मिठागरांचे चौकोन दिसत होते. यानने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि ‘अगदी आमच्यासारखं, अगदी आमच्यासारखं’ असं म्हणत राहिला. लेन्झ पूल बघत होते. पुलाला रंगाची गरज आहे, एवढंच ते बोलले.

पालघरला गाडी बराच वेळ थांबते, असं डब्यातल्या एका माणसानं मला छातीठोकपणे सांगितलं. फलाटाबाहेर नीरेचा ठेला होता. ताडाच्या झाडातून निघणारं पेय आहे, एवढं ऐकल्यावर लेन्झच्या चेहऱ्यावर प्रथमच माणुसकी दिसली. राज्यात दारूबंदी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही घाई केली नाही. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला, थोडा वेळ काही होतंय का याची वाट पाहिली आणि मग विचारलं, की याचं पुढं काय होतं. काही होत नाही, आंबलं तर पोलीस येतात, असं मी सांगेपर्यंत आमची गाडी यानला आणि सगळ्या सामानाला घेऊन निघून गेली होती. छातीठोक माणूस खिडकीतून आम्हांला हात करत होता.

आम्ही एस.टी.नं बोईसरला पोचलो. वाटेत भातं कापून झालेली शेतं, खजुरीची झाडं, आणि डोंगराकडून कामाला उतरलेली कुटुंबं, डोक्यावर भांडी नि कडेवर पोरं. तारापूरला अणुवीजघराचं काम लागलेलं होतं, त्यामुळे बोईसरात जिकडंतिकडं ट्रक, सिमेंट आणि हिंदी. एका माळावर नुसता फलक उभा होता, ‘टाउनशिप’. मागे गवत आणि दोन म्हशी. यान स्टेशनवर पेट्यांवर बसून केळी खाताना सापडला. दोन हमालांना त्यानं डच गाणं शिकवलं होतं.

मुक्काम तारापूरशेजारी चिंचणीला होता, जगूभाऊ नावाच्या वाडवळ बागायतदारांच्या घरी. घरामागे त्यांची वाडी. केळी, चिकू, नारळ, आणि सावलीला पानवेली. चपला बाहेर काढूनच आत जायचं, पानवेलीला विटाळ चालत नाही, असं जगूभाऊंनी बजावलं. लेन्झना बूट सोडायला एवढा वेळ लागला, की तोवर आम्ही वाडी बघून परत आलो. रात्री उकडहंडी होती (बटाटे, कंद, वाल, शेंगा मडक्यात भरून विस्तवात शिजवतात). लेन्झ दोनदा वाढून घेते झाले, आणि बटाटा इतका आदर मिळवू शकतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं म्हणाले.

जेवताना यानने वाडीची तारीफ केली. त्याच्या भाषेत बागेला ‘तॉयन’ म्हणतात. लेन्झ म्हणाले, खरा शब्द ‘त्साउन’, आणि त्साउन म्हणजे बाग नव्हे, त्साउन म्हणजे कुंपण. डच लोक जर्मन नीट शिकले नाहीत, त्याचा हा परिणाम. यान म्हणाला, जर्मन लोकांना बागेत सुद्धा आधी कुंपण दिसतं, त्याला तो काय करणार. भांडण होईल असं वाटल्यावर मला माझी विद्या बाहेर काढावी लागली. आणि खरं सांगायचं तर, मी केव्हाची संधीच बघत होते.

मी सांगितलं, की दोघांचा शब्द एकच, एका आजीची नातवंडं. आजीचा अर्थ कुंपण. जर्मनांनी कुंपणच ठेवलं. डच लोकांनी कुंपणाच्या आतली बाग घेतली. इंग्रजांनी आत राहणारी माणसं धरली, त्यांचं ‘टाउन’ झालं. सकाळी बोईसरला म्हशींसमोरच्या फलकावर पाहिलं ते तेच. आणि नॉर्वेकडे ‘तून’ म्हणजे शेतघरांमधलं मोकळं अंगण. त्यात आश्चर्य काही नाही, आपल्याकडेही तेच. शेठ गुजरातीत कुंपणाला ‘वाड’ म्हणतात. जगूभाऊंची ‘वाडी’ म्हणजे बाग. आणि चिपळूणखाली माझ्या आजोळी वाडी म्हणजे पंधरावीस घरांची वस्ती. हे सगळं मी जर्मन, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांतून सांगितलं. यानने टाळ्या वाजवल्या. लेन्झ म्हणाले, तरीसुद्धा मूळ अर्थ कुंपणच. जगूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, काय वाटेल ते म्हणा, पण कुंपण नसलं तर डुकरं येतात.” माझ्या व्याख्यानाला इतका थंड प्रतिसाद वर्गातही मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी तारापूरच्या किनाऱ्यावर गेलो. कारखान्याची इमारत तयार होती, यंत्र आतमध्ये गोणपाटाखाली होतं. आजूबाजूची जागा म्हणजे मांगेला कोळ्यांचं खळं (मासळी वाळवायची जमीन). शेठनं ती जागा भर श्रावणात पाहून विकत घेतली होती. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात, खांब-दोऱ्या काढून घरात गेलेल्या असतात, आणि खळ्यावर नुसतं गवत असतं. पडीक जागा आहे असं शेठना वाटलं, विकणाऱ्यानं त्यांचा गैरसमज दूर केला नाही. आता हंगाम सुरू झाला होता आणि खळ्यावर वलांड्या उभ्या राहिल्या होत्या. वलांडी म्हणजे ओळीनं खांब आणि त्यांना आडव्या दोऱ्या, बोंबील टांगायला. शेठच्या मुकादमानं आदल्याच दिवशी त्या उपटून एका बाजूला रचल्या होत्या. रचल्या मात्र व्यवस्थित होत्या.

तिथं आम्हांला हिराबाई भेटली. चाळिशीची, काटक, कासोटा घट्ट मारलेली. तिचा नवरा होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. रचलेल्या खांबांवर ती बसून होती आणि तिच्या मागे आणखी सातआठ बाया. तिनं मला साहेबांची बाय समजून सरळ विषयाला हात घातला. त्यांच्यात रीत अशी, की ओला मासा पुरुषांचा आणि सुका बायकांचा. होडी लागली की बोंबील बायकांच्या हवाली. त्या टांगतात, वाळवतात, बाजारात नेतात, आणि त्याचे पैसे घरात त्यांच्या हातात राहतात. त्यात पुरुष बोट घालत नाहीत. खळं गेलं, की ते गेलं.

“उद्या उधाणाच्या होड्या लागतील,” ती म्हणाली. “बोंबील उनात नाय पडला तर दुपारला त्याचं पाणी होतं. आमी घालू कुठं, ते सांगा तुमच्या सायबाला.”

मी सांगितलं. लेन्झनी लक्षपूर्वक ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्याकडे नियम होते. यंत्रात अमोनिया वायू असतो. तो सुटला तर माणसं गुदमरतात. म्हणून इमारतीभोवती अमुक अंतरावर बंद कुंपण झाल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, असा त्यांच्या कंपनीचा दंडक. कुंपण आत घ्यावं म्हटलं तर अंतर भरत नाही. बाहेर ढकलावं तर भरतीचं पाणी. वलांड्या कुंपणाच्या आत चालतील का? आत फक्त कामगार. मग बाया कुठं जातील? याला नियम नव्हता. यान मध्ये पडला, दोघांची डच-जर्मनमध्ये जुंपली, आणि दोघंही एकमेकांना काय म्हणाले ते मी भाषांतरित केलं नाही. हिराबाईनं विचारलं, काय म्हणतात. मी म्हटलं, एक नाही म्हणतोय आणि दुसरा बघू म्हणतोय. हे तिनं आधीच ओळखलं होतं.

दिवसभर लेन्झनी स्वतः उभं राहून कुंपण घातलं. लोखंडी खांब, आडव्या तारा, प्रत्येक तार वाजवून बघायची आणि सैल वाटली की पुन्हा ओढायची. डोंगराकडचे मजूर त्यांच्या हाताखाली होते. साहेब स्वतः पहार मारतो याचं त्यांना भारी कौतुक. जागेचं म्हणाल, तर वलांड्यांच्या खड्ड्यांतच बरेचसे खांब बसले. आयते खणलेले होते. सूर्य बुडताना कुंपण पुरं झालं आणि लेन्झनी मागे सरून ते बराच वेळ न्याहाळलं. बाया आधीच निघून गेल्या होत्या. मला जेवण गोड लागलं नाही. जगूभाऊंनी विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं.

सकाळी आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा कुंपण दिसत नव्हतं. म्हणजे होतं जागेवरच, पण तारा दिसत नव्हत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत, बोंबील. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी तारेवर टाकायची, असे हजारो ओले, पांढरे, लोंबणारे बोंबील. पहाटे होड्या लागल्या होत्या. बायांनी आता कावळे हाकायला बस्तान मांडलं होतं आणि हिराबाई पान लावत होती. फाटक तेवढं मोकळं ठेवलं होतं, आम्हांला जायला.

मुकादम घामाघूम झाला होता. त्यानं मजुरांना बोंबील काढायला सांगितलं, मजुरांनी कानावर हात ठेवले. दुसऱ्याचा वाळत घातलेला माल काढायचा नसतो, डोंगरातही नाही नि दर्यावरही नाही. मग कोळ्यांच्या पाटलाला बोलावलं. पाटील म्हातारे, अत्यंत सभ्य. त्यांनी कुंपण एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं.

“खांब उभा दिसला, बायांनी बोंबील घातला,” ते म्हणाले. “आमच्यात असंच हाय. ज्या खांबाला जिचा पयला बोंबील, हंगामभर तो खांब तिचा. शेठनं खांब घालून दिले, लई उपकार झाले. आमचे बांबूचे होते, हे लोखंडाचे हायत.”

ते हे खरोखरच समजून बोलत होते की आमची फिरकी घेत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. शेठनं आपल्यासाठी वलांडी बांधून दिली, असंच साऱ्या गावात झालं होतं, आणि दोनतीन म्हाताऱ्या तर लेन्झना आशीर्वाद देऊन गेल्या.

दुपारी शेठ मोटारीतून आले. बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. मासळीच्या बर्फावर त्यांचा सगळा धंदा उभा राहायचा होता, पण मासळीला हात लावणं त्यांच्यात चालत नव्हतं. मुकादमही त्यांचाच गाववाला, त्याच्यातही चालत नव्हतं. मजूर हलेनात. शेवटी शेठ लेन्झकडे वळले, की साहेब, तुमची वाड तुम्ही मोकळी करा. मी भाषांतर केलं. हिराबाई उठून उभी राहिली होती. पान तिच्या हातातच होतं, आणि ती शेठकडे नव्हे, लेन्झकडे बघत होती.

लेन्झ कुंपणापाशी गेले. बोंबील बाजूला सारून त्यांनी तारेवर टिचकी मारली, दुसरीवर मारली. तार झोळ खात नव्हती. मग त्यांनी सगळी फेरी मारली. आम्ही सगळे त्यांच्या मागून. परत येऊन ते म्हणाले, “नियम आहे, की कुंपण बंद पाहिजे. हे बंद आहे. काल यातून कुत्रं शिरलं असतं, आज तेही शिरणार नाही. कुंपणावर काय टांगावं, याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.”

हे वाक्य मी मराठीत आणताना माझा आवाज चढला, त्याला माझा इलाज नव्हता. बायांत एक खसखस पिकली. यानने लेन्झच्या पाठीत एवढ्या जोरानं थाप मारली, की त्यांची टोपी पडली. शेठ हिशेबी माणूस. यंत्र सुरू होतंय ना, मग वास आजचा उद्या जाईल, म्हणून मोटारीत बसले. मला इतका आनंद झाला, की हिराबाईनं पुढं केलेलं पान मी तंबाखूसकट खाल्लं आणि पुढचा तासभर होडीला टेकून बसून काढला.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. बोंबील वाळले, उतरले, नवे चढले. लेन्झ रोज सकाळी जाऊन तारा तपासायचे आणि एखादी जोडी घसरली असेल तर नीट टाकायचे. हिराबाईनं त्यांना जबडे अडकवायला शिकवलं. आत यंत्राची जोडणी चालू होती. एके सकाळी ते सुरू झालं, धडधडलं, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाची पहिली लादी बाहेर पडली. सारं गाव बघायला लोटलं. पुरुषांनी लादीला हात लावून पाहिले. यानने तुकडे फोडून वाटले. शेठनं तांडेलांना बोलावून सांगितलं, की उद्यापासून होडी लागली की माल जाग्यावरच घेऊ, बर्फात घालू, दुपारच्या आत ट्रक मुंबईच्या वाटेला. टांगायला नको, वाळवायला नको, कावळे हाकायला नको. तांडेल खूष झाले. हिराबाईचा नवराही. का होऊ नयेत?

आमच्या निघायच्या दिवशी पुन्हा उधाणाच्या होड्या लागल्या. मी निरोप घ्यायला खळ्यावर गेले. होड्यांतल्या टोपल्या बायांकडे न येता सरळ फाटकातून आत जात होत्या. कुंपणाच्या एका कोपऱ्यात थोडे तुटकेफुटके बोंबील टांगलेले होते, बाकी सगळ्या तारा रिकाम्या. त्या उन्हात लखलखत होत्या. हिराबाई आपल्या खांबाला पाठ लावून बसली होती.

“कुंपण आलं, आमी त्याला बोंबील घातला,” ती म्हणाली. “आता बोंबीलच नाय, तर कुंपणाला घालू काय?”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, नवऱ्याच्या हातात चार पैसे जास्त येतील. ती म्हणाली, येतील ना, त्याच्या हातात. मग तिनं लुगडं झाडलं आणि घरी गेली.

गाडीत लेन्झनी विचारलं, शेवटी ती काय म्हणाली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, यंत्र चांगलं आहे, पंचवीस वर्षं चालेल. मी म्हटलं, हो. यान झोपला होता, किंवा डोळे मिटून होता.

घरी आल्यावर चारपाच दिवस मी सगळ्यांना प्रवासाच्या गमती सांगितल्या. नीरेची, बुटांची, पाटलांची. ते चार भाषांतले शब्दही सांगितले, आणि लोक हसले. हिराबाईचं शेवटचं बोलणं मी सांगत नव्हते. कुंपण जिंकलं तिथंच गोष्ट थांबवत होते, कारण तिथं ती चांगली थांबते.

मग एका रविवारी वहिनीनं बोंबील तळले. मोठे, ताजे, रवा लावून कुरकुरीत केलेले. एरवी एवढे ताजे मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. भावानं विचारलं, कुठले. वहिनी म्हणाली, कोळीण सांगत होती, तारापूरचे, आता बर्फात घालून आणतात, म्हणून स्वस्तही झालेत. भावानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, जणू ते मीच पकडून आणले होते.

मी खाल्ले. वहिनीनं विचारलं, “कसे झालेत?”

“छान झालेत,” मी म्हटलं. आणि ते खरोखरच छान झाले होते. मी आणखी दोन घेतले.